काटा हलला नाही

झिबलाबाईच्या कानामागं अर्धी बिडी असते,
विझवलेली, नंतरसाठी.
उपकेंद्राची पायरी चढताना ती कानावर पदर ओढते
आणि मीही न पाहिल्यासारखं करते.

टोल्यावर गेलो तेव्हा दुर्पताला आठवा लागलेला.
मांडी उरलीच नव्हती,
म्हणून तेंदूपानांचं सूप तिनं पोटावरच टेकवलेलं.
हजार वळायच्या दिवसाला.
फाटकी-वाकडी कारखान्याचा माणूस घेत नाही,
ती तिची.

मी तक्ता उघडला.
लाल गाभाऱ्यात बाळ, बाळाभोवती धूर,
आणि बाईच्या रंगवलेल्या नखांत
पांढरीशुभ्र सिगारेट.
दुर्पता हसली. "थे मी नोहो, बाई."

मी म्हटलं, वजन कमी भरतं.
दिवस भरायच्या आत होतं कधी.
ती म्हणाली, बिडीबिगर सकाळी पोट साफ होत नाही.
मी म्हटलं, कोमट पाणी घे.
सासू म्हणाली, लहान लेकरू बरं,
बाईची सुटका लवकर होते.

मी तक्ता मिटला.

मग झिबलाबाई बोलली.
तिच्याकडे चित्र नव्हतं. तिनं नुसते हात पुढे केले,
तळवे वर करून, जणू अजून ओले असावेत.

"तुह्या नवऱ्याले मीच काढलो, याच खोलीत.
हे तुही सासू, रातभर कळा देत होती.
मी बिडी पेटवलो, तिच्या तोंडात देल्लो.
म्हटलो, दम धर. एक कळ, एक झुरका.
अशा किती जनीले देल्लो, मोजलो नाही.
चिमनीएवढे निंगत लेकरं.
आमी म्हनो, आपल्याकडचे असेच राह्यते."

सासू सुपातल्या पानांकडं पाहत राहिली.
कुणीतरी कातरीनं पान कापलं,
आवाज मोठा वाटला.

"मले म्हतारीले आता सुटनार नाही," झिबलाबाई म्हणाली,
"तुले सुटन. आज एक कमी कर.
उद्याचं उद्या पाहू.
आन् जीव लय वढला तं मले बोलाव,
मी येऊन बसतो."

माझ्या कागदावर लिहिलंय, पूर्ण बंद करण्यास सांगावे.
मी तिला दुरुस्त केलं नाही.

पोरगी झाली, तालुक्याच्या दवाखान्यात.
दोन किलो चारशे.
घरी आल्यावर मात्र भांडण झालं आमचं,
बाजेखाली ओव्याची धुरी घातली होती झिबलाबाईनं.
मी म्हटलं, हाही धूरच.
ती म्हणाली, हा औषधाचा.
मी म्हटलं, बाळाला काय कळतं कोणता कशाचा.
दोन दिवस बोलली नाही माझ्याशी.
तिसऱ्या दिवशी बाजेखालची राख
तिनंच भरून नेली.

बारशानंतर दुर्पता स्वतःहून म्हणाली,
"एक वढलो, बाई. मोहाखाली जाऊन.
हात धुतलो, लुगडं बदललो,
मंग पाजलो. पाजू नोको का आता?"
पाज, म्हटलं, पाज.
घरात नको, तिच्याजवळ नको, नवऱ्यालाही सांग.
नोंदवहीत दोनच रकाने आहेत, होय आणि नाही.
मी पेन्सिलनं लिहिलं.

सव्वा महिन्याला आड्याला काटा टांगून
पोरीला झोळीत घातलं.
तीन किलो सहाशे.
तिला काढून घेतल्यावर
झिबलाबाईनं कमरेचा बिड्यांचा कट्टा
रिकाम्या झोळीत टाकला.
काटा हलला नाही.

"पाह्य," ती म्हणाली,
"तुह्या काट्याले बी समजत नाही."

मग कट्टा उचलून परत खोचला,
बोट ओलं करून वारा कुठून येतो ते पाहिलं,
आणि अंगण ओलांडून
पार कुंपणाच्या पलीकडे जाऊन बसली.